चकल्यांचं पार्सल आणि बाबांची युनियन

ताई न्यू जर्सीला गेली त्याला आता सोळा वर्षं झाली आणि तेव्हापासून आमच्या घरची दिवाळी तिच्या पार्सलपासून सुरू होते. घट बसले की भाजणी दळून येते आणि दसऱ्याच्या आत पार्सल पोस्टात पडलंच पाहिजे हा बाबांचा नियम. बाबा आरएमएसमध्ये (रेल्वे मेल सर्व्हिस) सॉर्टर होते, म्हणजे रात्रभर धावत्या रेल्वेच्या डब्यात उभं राहून पत्रं लावायची, आणि नोकरीत दोनदा ते मुंबईला परदेशी टपालावर होते, त्यामुळे पार्सल बांधणं हा विषय त्यांच्या अखत्यारीतला. आई तळणार, बाबा बांधणार. चकल्यांच्या प्रत्येक थरावर बटर पेपर, अनारसे मधोमध, आणि डब्यात जिथे जिथे फट दिसेल तिथे चिवडा ठासायचा, कारण बाबांच्या मते चिवडा हा खायचा पदार्थ नसून पॅकिंग मटेरियल आहे.

२०२५ मध्ये गणपती यायच्या बरोबर दोन दिवस आधी, २५ ऑगस्टला, भारतातून अमेरिकेला पार्सलं घेणं बंद झालं. आठशे डॉलरपर्यंतच्या मालावर अमेरिकेत कस्टम ड्युटी लागायची नाही ती सवलत त्यांनी २९ ऑगस्टपासून काढून घेतली आणि आता ड्युटी कोणी गोळा करायची, कशी भरायची, कोणालाच धड माहीत नव्हतं. आधी म्हणाले शंभर डॉलरपर्यंतची भेटवस्तू चालेल, मग विमान कंपन्यांनीच टपालाच्या बॅगा उचलायला नकार दिला आणि पत्रांसकट सगळंच बंद. आई म्हणाली कुरियरने पाठवू. कुरियरचा भाव ऐकून ती गप्प बसली. बाबा पेपर वाचत होते, चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, "पण युनियन काय करतेय?"

मला वाटलं त्यांची कर्मचाऱ्यांची युनियन. बाबांनी आयुष्यभर वर्गणी भरली, संपात भत्ता घालवला, तेव्हा युनियन म्हटलं की आमच्या डोळ्यासमोर लाल झेंडाच येतो. म्हटलं बाबा, अमेरिकेच्या टॅरिफमध्ये तुमची युनियन काय करणार? तर ते वैतागून म्हणाले, "अगं ती नाही. बर्नची."

बर्नची म्हणजे युनिव्हर्सल पोस्टल युनियन, मराठीत जागतिक टपाल संघटना. मुख्यालय स्वित्झर्लंडमध्ये बर्नला. मी इतकी वर्षं नोकरी करतेय, रोज ईमेल पाठवतेय, आंतरराष्ट्रीय संघटना म्हटलं की मला न्यूयॉर्कची ती काचेची इमारत आठवते आणि सुरक्षा परिषदेत हात वर करणारी सुटातली माणसं. हे पत्र टाकायच्या लाल पेटीमागे पण असली एक संघटना आहे आणि ती संयुक्त राष्ट्रांपेक्षा एकाहत्तर वर्षांनी मोठी आहे हे काही डोक्यात नव्हतं. मग पुढचे पंधरा दिवस रात्री जेवणं झाली की मी वाचत बसायचे आणि बाबा मध्ये मध्ये दुरुस्त्या करायचे.

आधी काय होतं ते बघा. ह्यू लिंडसे नावाची आगबोट, मुंबईतच बांधलेली, २० मार्च १८३० ला इथून सुएझकडे निघाली, आणि मग हळूहळू विलायतेची डाक आफ्रिकेला वळसा न घालता जायला लागली. म्हणजे मुंबई ते सुएझ बोट, सुएझ ते कैरो वाळवंटातून उंटावर, पुढे अलेक्झांड्रियाहून परत बोट, मग मार्सेलला उतरून सगळा फ्रान्स ओलांडायचा आणि खाडी पार करून इंग्लंड. आता ह्यात वाटेत जो जो येतो त्याला पैसे पाहिजेत. पत्र माझ्या हद्दीतून गेलं, काढा पैसे. इंग्लंडचा तह फ्रान्सशी वेगळा, प्रशियाचा ऑस्ट्रियाशी वेगळा, प्रत्येकाचं वजनाचं माप वेगळं, कुठे औंस कुठे ग्रॅम कुठे लोट, आणि एकाच गावाला जाणाऱ्या पत्राला वाट बदलली की दर बदलणार. पोस्टातल्या कारकुनांना प्रत्येक पत्रावर कोणाचा किती वाटा ते लिहून ठेवावं लागायचं. कित्येकदा पत्र नेण्यापेक्षा त्याचा हिशोब ठेवायलाच जास्त खर्च येत असणार असं माझं मत, आणि बाबांचंही.

१८६३ मध्ये अमेरिकेचे पोस्टमास्टर जनरल मॉंटगोमेरी ब्लेअर ह्यांनी पुढाकार घेतला आणि पॅरिसला पंधरा देश जमले, चांगली चांगली तत्त्वं ठरवली आणि घरी गेले. करार काही झाला नाही. (अमेरिकेनेच आधी हाक दिली होती हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.) खरं काम केलं ते हाइनरिश फॉन श्टेफान ह्या जर्मन पोस्टवाल्याने. हा पोमेरेनियातल्या श्टोल्प गावचा, पोस्टात खालून चढत वर गेलेला. पोस्टकार्डाची कल्पना ह्याने १८६५ मध्ये मांडली होती, साहेबलोकांनी ती नाकारली आणि चार वर्षांनी ऑस्ट्रियाने पहिलं पोस्टकार्ड काढलं. शिवाय ह्या माणसाला परकीय शब्दांचा भारी राग, पोस्टाच्या कारभारातले शेकडो फ्रेंच शब्द काढून त्याने जर्मन शब्द घातले, टेलिफोनलासुद्धा. आपल्याकडे सावरकरांनी दूरध्वनी दिला तसाच प्रकार. गंमत म्हणजे ह्याच माणसाने उभी केलेली संघटना कारभार करते ती फ्रेंचमध्ये! आजही तिची अधिकृत भाषा फ्रेंच आहे. लहानपणी निळ्या एअरोग्रामवर, पाकिटावरच्या निळ्या चिठ्ठीवर ते 'पार आव्हियाँ' असायचं ना, आम्ही 'पर एव्हीयन' वाचायचो आणि विमान कंपनीचं नाव समजायचो. ते तिथून आलं. म्हणजे विमानाने, बस.

श्टेफानने १८६८ ला योजना मांडली, मग मध्येच १८७० मध्ये फ्रान्स आणि जर्मनीचं युद्ध लागलं म्हणून सगळं थांबलं, आणि शेवटी १५ सप्टेंबर १८७४ ला बर्नमध्ये बावीस देशांची बैठक बसली. ९ ऑक्टोबरला करारावर सह्या. म्हणून ९ ऑक्टोबरला जागतिक टपाल दिन असतो. एवढे देश, एवढ्या भाषा, त्यातले निम्मे एकमेकांशी लढून आलेले किंवा पुढे लढणार असलेले, आणि साडेतीन आठवड्यांत काम संपवलं. आमच्या सोसायटीला पाण्याची टाकी बदलायला दीड वर्ष लागलं.

त्यांनी ठरवलं काय, तर सगळे सदस्य देश मिळून टपालापुरता एकच प्रदेश मानायचा. कोणाचंही पत्र कोणाच्याही हद्दीतून अडवणूक न होता जाईल. पंधरा ग्रॅमच्या पत्राला साधारण पंचवीस सेंटिम हा एकसारखा दर. आणि चौथी गोष्ट, जी वाचून मी बाबांना परत विचारलं की हे खरंच असं आहे का, ती म्हणजे तिकिटाचे पैसे ज्याने घेतले त्यानेच ठेवायचे. मुंबईहून लंडनला पत्र गेलं तर तिकिटाचे पैसे इथले, लंडनच्या पोस्टमनने ते फुकट घरपोच करायचं. वाटेतल्या देशांना बोटीचं, रेल्वेचं भाडं ठराविक दराने द्यायचं, पण पोचवणाऱ्याला काही नाही. का? कारण पत्राला उत्तर येतंच. ते उत्तर इथे फुकट पोचवलं जाईल. फिटंफाट.

बाबा म्हणाले, "वाटीसारखं."

आम्ही पोस्टाच्या क्वार्टर्समध्ये वाढलो. एका जिन्यावर सहा घरं, नागपूरचे, कोकणातले, एक कारवारकडचे. कोणाकडून वाटीत काही आलं की ती वाटी आमच्या ओट्याच्या कोपऱ्यात, तेलाच्या बरणीशेजारी उपडी पडून असायची, दोन दिवस, चार दिवस, आपल्याकडे काही वेगळं होईपर्यंत. रिकामी वाटी परत द्यायची नाही. किती दिलं किती आलं हे कोणी मोजत नव्हतं कारण मोजायला बसलं असतं तर सगळ्यांचंच तोंड वाकडं झालं असतं. पण एक काकू होत्या, त्यांच्याकडून वाटी नेहमी रिकामी यायची, स्वच्छ विसळून, चकचकीत. आई एका शब्दाने बोलली नाही. फक्त त्यांच्याकडे जाणारी वाटी दर वेळी थोडी लहान होत गेली.

ह्या काकू पुढे जागतिक टपाल संघटनेतही आल्या. सांगते.

करार १ जुलै १८७५ पासून लागू झाला. भारत लगेच पुढच्या वर्षी, १ जुलै १८७६ ला आत आला. म्हणजे ब्रिटिश इंडिया, आपल्याला कोणी विचारलं नव्हतं. पण हे एवढं दूरचं घर आत घ्यायचं तर समुद्रावरच्या लांब वाहतुकीचा खर्च कोणी सोसायचा असा पेच पडला आणि त्यासाठी जानेवारी १८७६ मध्ये बर्नला खास परिषद बसली. ह्या बाबतीत भारताची गोष्ट विचित्रच आहे, तारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत आपण १८६९ पासून, राष्ट्रसंघाचे आपण संस्थापक सदस्य, संयुक्त राष्ट्रांचेही संस्थापक सदस्य, आणि ह्यातल्या प्रत्येक वेळी देश पारतंत्र्यात. घर दुसऱ्याच्या नावावर पण रेशनकार्डात नाव आपलं, असा प्रकार.

१८७८ मध्ये पॅरिसला संघटनेचं नाव बदलून युनिव्हर्सल झालं कारण देश भराभर येत होते. एकोणिसाव्या शतकात अशा बऱ्याच संघटना निघाल्या, ऱ्हाइन नदीवरच्या बोटींची १८१५ ची, तारांची १८६५ ची, मीटर किती लांब असावा ह्याची १८७५ ची. कोणीही जागतिक शांततेची भाषा केली नव्हती. बोट अडू नये, तार अडू नये, पत्र अडू नये, एवढंच. शांततेसाठी म्हणून काढलेला राष्ट्रसंघ वीस-पंचवीस वर्षांत आटोपला आणि पोस्टवाले दोन महायुद्धांतून जिवंत बाहेर आले, १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांची विशेष संस्था झाले आणि आज १९२ सदस्य आहेत. मोठी स्वप्नं पाहणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण घर चालतं ते दुधाचा हिशोब बघणाऱ्या माणसावर असं मला ह्या वयात वाटायला लागलंय.

त्यांचे नियमही बघण्यासारखे. तिकिटावर देशाचं नाव रोमन अक्षरात पाहिजेच, फक्त ब्रिटनला माफी, कारण चिकटवायचं तिकीट आधी त्यांनी काढलं, १८४० मध्ये, त्यामुळे त्यांच्या तिकिटावर फक्त राजा किंवा राणीचं डोकं. अंधांसाठीचं ब्रेल साहित्य टपालात फुकट. युद्धकैद्यांची पत्रं फुकट. आणि पत्र ज्याचं त्याला मिळेपर्यंत पाठवणाऱ्याच्या मालकीचं.

ह्या शेवटच्या नियमावर बाबा थांबले. म्हणाले १९९० च्या ऑगस्टमध्ये ते मुंबईला परदेशी टपालावर होते. सॉर्टिंगच्या घोडीसमोर उभं राहिलं की प्रत्येक देशाचा एक खण, हात आपोआप जातो, मान वळवावी लागत नाही. कुवेतचा खण त्यांच्या डाव्या खांद्याच्या उंचीला होता. इराकने कुवेत घेतलं आणि तिकडची टपाल थांबली, पण पत्रं यायची थोडीच थांबणार, रत्नागिरीकडची, केरळची, हैदराबादची, उलट नेहमीपेक्षा जास्त, बायकांनी दुसऱ्याकडून लिहून घेतलेली, पत्ता उर्दूत आणि खाली कोणीतरी इंग्रजीत केलेला. खण भरला, मग खाली बॅग लावली, मग बॅग भरली. "हात जायचा गं तिकडेच," बाबा म्हणाले. "आणि तिथे जागा नसायची." ती पत्रं पाठवणाऱ्याच्या मालकीची होती म्हणून परत करायची, पण कित्येकांवर मागे पाठवणाऱ्याचा पत्ताच नव्हता. ज्याला पाठवायचं त्याला तो पाठ असतो ना.

आता काकू.

उत्तर येतंच हे पत्राच्या बाबतीत खरं आहे. मासिकाच्या बाबतीत नाही, कॅटलॉगच्या बाबतीत नाही. श्रीमंत देशांतून गरीब देशांकडे मासिकं आणि छापील कागदांच्या जड बॅगा यायला लागल्या आणि तिकडे परत काय जायचं, तर पातळ पत्रं. पैसे त्यांच्याकडे जमा, वाटायचे कष्ट आपल्या पोस्टमनचे. म्हणून १९६९ मध्ये टोकियोच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे संघटनेच्या अधिवेशनात, पहिल्यांदा ठरलं की ज्याच्याकडून जास्त टपाल येतं त्याने वाटणाऱ्याला काही पैसे द्यायचे. टर्मिनल ड्यूज म्हणतात त्याला. पंच्याण्णव वर्षं वाट्या न मोजता चालल्या आणि मग वजनकाटा आला. माझी सहानुभूती ह्यात मोजायला लावणाऱ्यांकडेच आहे, कारण आमच्याही ओट्यावर वाटी लहान होत गेलीच होती.

पण काटा एकदा आला की उलटाही फिरतो. गरीब देशांना हे दर कमी ठेवले होते आणि त्या यादीत चीन होता. मग आलं ऑनलाइन शॉपिंग. शेन्झेनहून चार्जर, मोबाइलची कव्हरं, बारीकसारीक वस्तूंची लहान पाकिटं अमेरिकेत इतक्या स्वस्तात जायला लागली की अमेरिकेतल्याच एका गावाहून दुसऱ्या गावाला तीच वस्तू पाठवणं महाग पडायचं. अमेरिका चिडली. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिने संघटना सोडायची नोटीस दिली, ज्या अमेरिकेच्या पोस्टमास्टरने सगळ्यात आधी पॅरिसला सगळ्यांना बोलावलं होतं तीच. सप्टेंबर २०१९ मध्ये जिनिव्हाला खास काँग्रेस भरली, संघटनेच्या इतिहासातली जेमतेम तिसरी, आणि तडजोड झाली की जिथे टपाल खूप येतं ते देश आपले दर आपण जाहीर करू शकतील. अमेरिका राहिली. वाटी गेली, आता टिफिन सर्व्हिसचा रेट.

ह्याच संघटनेने १९०६ मध्ये रोमला एक गोड कल्पना काढली होती ती मध्येच सांगून टाकते. उत्तरासाठीचं तिकीट समोरच्याला आधीच पाठवता यावं म्हणून एक कूपन, कुठल्याही देशात द्या आणि तिथलं तिकीट घ्या. इतकी माणुसकीची गोष्ट, तिच्यावर १९२० मध्ये बॉस्टनच्या चार्ल्स पॉंझीने जगप्रसिद्ध घोटाळा उभा केला. युरोपात कूपन स्वस्त, अमेरिकेत त्याचं तिकीट महाग, मधला नफा तुमचा, पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्के! त्याच्याकडे आलेल्या पैशाला सोळा कोटी कूपनं लागली असती आणि जगात फिरत होती साधारण सत्तावीस हजार. आपल्याकडच्या चिटफंडवाल्यांचा मूळपुरुष टपाल खात्याच्या चांगुलपणातून निघालाय.

असो. तर बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मला पंधरा दिवसांनी देता आलं. युनियन काय करत होती? मोजत होती. २९ ऑगस्टला अमेरिकेकडे जाणारं जगभरचं टपाल आठवड्यापूर्वीच्या तुलनेत ऐंशी टक्क्यांहून जास्त घसरलं आणि अठ्ठ्याऐंशी टपाल खात्यांनी सेवा पूर्ण किंवा थोडी थांबवली हे तिनेच सांगितलं. सप्टेंबरमध्ये दुबईत काँग्रेस भरली. ड्युटी किती होते ते पोस्टाच्या काउंटरवरच काढता यावं अशी यंत्रणा तिने देऊ केली. टॅरिफ काढून टाका असं ती सांगू शकत नाही, तो तिचा विषय नाही, तिच्याकडे ना सैन्य ना व्हेटो. बाबांना मी हे सगळं सांगितल्यावर त्यांना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "मग बरोबर आहे. सॉर्टरने सॉर्टिंग करावं."

आईने नवरात्रात तळण केलंच, कोणाचं न ऐकता. पार्सल गेलं नाही. दसऱ्याला त्या चकल्या आम्ही खाल्ल्या, शेजारी दिल्या, वॉचमनला दिल्या. १५ ऑक्टोबरला सेवा परत सुरू झाल्याची बातमी आली, वसुबारसेच्या दोन दिवस आधी, आणि आईने दुसऱ्या दिवशी सकाळी परत कढई ठेवली.

पोस्टात सीएन तेवीस नावाचा फॉर्म भरायचा असतो, तोही बर्नचाच, जगभर एकच. त्यात प्रत्येक वस्तू, वजन, किंमत. बाबांनी लिहिलं, घरगुती खाद्यपदार्थ. आई म्हणाली अनारसे वेगळे लिहा, महागाचे आहेत. किमतीच्या रकान्यापाशी बाबांचं पेन थांबलं आणि आई म्हणाली लिहा काहीही. पावतीवर नंबर आला, आधी दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी आयएन. घरी आल्यावर बाबांनी पावती टेबलावर सपाट केली आणि पेन्सिलीने पहिल्या आठ आकड्यांखाली क्रमाने लिहिलं, आठ, सहा, चार, दोन, तीन, पाच, नऊ, सात. गुणाकार, बेरीज, अकराने भागून उरलेली बाकी अकरातून वजा. पोस्टाने परदेशी जाणाऱ्या पार्सलचा नववा आकडा जगभर असाच निघतो, एखादा आकडा चुकीचा टाइप झाला तर मशीनला कळावं म्हणून. बाबांचं उत्तर पावतीवरच्या आकड्याशी जुळलं. त्यांनी पावती चष्म्याच्या घरात घडी करून ठेवली.

पार्सल तुळशीच्या लग्नाला पोचलं. ताईने व्हॉट्सॲपवर उघड्या डब्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, अनारसे अख्खे, चकल्या अर्ध्याअधिक मोडल्यात पण चव तीच. आईने लगेच फोन लावला. बाबा फोटो दोन बोटांनी मोठा करून बराच वेळ बघत होते, डब्याच्या कडेला, जिथे बटर पेपर सरकला होता तिथे.

"चिवडा कमी पडला," ते म्हणाले.